सुखदेवकाकांचे तीन ठोके

चौथं ड्रिल निळं पडलं तेव्हा सुखदेवकाकांनी मशीन बंद केली आणि गॉगल कपाळावर सरकवला. मिलवाले नन्हेभैया प्लेटवर वाकून पाहत होते. भोक व्हायला हवं होतं चाळीस मिलिमीटर खोल. झालं होतं सहा.

"मॅडम, ये तो दो घंटे का काम था," नन्हेभैया म्हणाले.

दोन तासांचं काम आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून मला राग जास्त आला.

आमचं वर्कशॉप बालाघाटात, गोंदिया रोडवर आहे. बाबांनी सुरू केलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आठ वर्षं आयटीआयमध्ये पोरांना मशीनिंग शिकवलं, आणि बाबांचे गुडघे गेल्यावर वर्कशॉप माझ्याकडे आलं. दोन लेथ, एक शेपर आणि एक रेडियल ड्रिल मशीन. रेडियल म्हणजे एका जाड खांबाला आडवा हात असतो, तो फिरतो. जड वस्तू जागच्या जागी राहते, ड्रिल तिच्यापर्यंत चालत येतं. या मशीनवर सुखदेवकाका. मी दुसरीत होते तेव्हापासून. कटंगीजवळच्या गावाहून रोज सकाळच्या बसने येतात, डबा खुंटीला अडकवतात, आणि मशीनच्या पाया पडतात. गिऱ्हाईक समोर असलं तर मला "मॅडम" म्हणतात. नसलं तर "पोरी".

नन्हेभैयांची कटंगीला राईस मिल आहे. नवीन धान यायला लागलं आणि ऐन त्या आठवड्यात मोठ्या मोटरखालची बेसप्लेट मधोमध तडकली. बेसप्लेट म्हणजे मोटरचा पाट. तो हलला की मोटर हलते, पट्टा निसटतो, मिल बंद. त्यांनी तिरोडीकडच्या एका भंगारवाल्याकडून जाडजूड प्लेट शोधून काढली, गॅसने मापात कापून घेतली, वर लाल रंग चढवला आणि पिकअपमध्ये घालून आणली.

"चालीस एमएम है! हाथी खड़ा कर दो इस पर," ते कौतुकाने म्हणाले होते. "आठ छेद चाहिए बस. बाईस एमएम के."

"कोणतं मटेरियल आहे?"

"अरे माइल्ड स्टील, और क्या."

माइल्ड स्टील म्हणजे साधं, मऊ लोखंड. आमच्या धंद्यातलं वरणभात. मी पुढे विचारलं नाही.

जाड लोखंडात भोक पाडायची एक रीत आहे. आधी आखणी. मग जिथे भोक पाडायचं तिथे पंच मारायचा. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा, त्यावर हातोडी मारली की लहानशी खळी पडते आणि ड्रिलचं टोक त्यात बसतं, भरकटत नाही. मग लहान ड्रिल, मग मधलं, मग पूर्ण मापाचं. वरून पांढरं कूलंट, म्हणजे ड्रिल थंड ठेवणारं तेलपाणी, सोडत राहायचं. थोडं कापलं की ड्रिल वर घ्यायचं, बुरादा, म्हणजे कापलेल्या लोखंडाचा कीस, बाहेर काढायचा, पुन्हा खाली.

पंच मारायची काकांची स्वतःची पद्धत आहे. प्रत्येक खुणेवर तीन ठोके. "एक लोखंडाले, एक ड्रिलाले, एक आपल्या हाताले." ही पद्धत त्यांना कोणी शिकवली हे मी लहानपणापासून विचारते आहे. दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव सांगतात.

तर काकांनी आठही खुणांवर तीन-तीन ठोके मारले. लहान ड्रिल लावलं. पहिले काही मिलिमीटर बुरादा आला, मग किंचाळी. ड्रिल कापेनासं झालं, नुसतं घासू लागलं. काकांनी हात हलका केला. काकांचा हलका हात ही आमच्या वर्कशॉपची इस्टेट आहे. आवाज बदलला की त्यांचा हात आपोआप सैल पडतो, ड्रिल वाचतं. पण त्या दिवशी हात हलका केला की आवाज आणखी चिरका व्हायचा. दुसरं ड्रिल लावलं. दुसऱ्या खुणेवर तिसरं. शेवटी चौथं. चारही ड्रिलची टोकं निळी. निळं पडणं म्हणजे इतकं तापणं की पोलादाची ताकद उतरते. असं ड्रिल पुन्हा घासून धार लावल्याशिवाय कामाचं नाही.

मी माझ्या पद्धतीने तपासायला घेतलं. स्पीड बरोबर होता. कूलंट नीट पडत होतं. प्लेट टेबलावर घट्ट बांधलेली होती. राहिलं काय? ड्रिल. आणि ड्रिलला धार लावणारा हात.

आमच्याकडे ड्रिल घासायचं काम काका करतात. ग्राइंडरच्या चाकावर, हाताने, नजरेने. ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात. दोन्ही सारख्या लांबीच्या, सारख्या कोनात हव्यात, आणि धारेच्या मागचा भाग तिच्याहून थोडा खाली उतरलेला हवा. नाहीतर धार टेकण्याआधी पाठच टेकते आणि विळा उलटा धरल्यासारखं होतं. हे सगळं मोजायला गेज मिळतं. काकांनी ते कधी वापरलं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत ते चष्मा वर-खाली करून ड्रिल पाहायला लागले होते, आणि ते मला दिसत होतं. मी ड्रिल घासायचं एक छोटं यंत्रही मागवून ठेवलं होतं. त्याचं खोकं मी काकांसमोर उघडलं नव्हतं, इतकंच.

आणि मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले.

"काका, आता तुम्ही ग्राइंडरला हात लावू नका. उद्यापासून ड्रिल यंत्रावर घासू."

गिऱ्हाइकासमोर. लेथवरची दोन माणसं ऐकत असताना. काकांनी गॉगल काढला, पुसला, खुंटीला लावला. नन्हेभैया भला माणूस, तो उगाच फोन काढून पाहू लागला.

संध्याकाळी काका बससाठी निघाले. दारात आम्ही दोघंच होतो.

"येतो, मॅडम," ते म्हणाले.

दोघंच असताना मॅडम. मला ते जिव्हारी लागलं. पण माझं बरोबर आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

सगळे गेल्यावर मी ती चार ड्रिल गेजवर धरून पाहिली. टोकं जळलेली होती, तरी वाचता येत होती. कोन बरोबर. दोन्ही धारा सारख्या. पाठीचा उतार बरोबर. चौथं तर मी तीनदा मोजलं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. आता मला राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. ड्रिल बरोबर, मशीन बरोबर, माणूस बरोबर, आणि भोक पडत नाही. असं कसं?

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा काका मशीनजवळ नव्हते. मागच्या स्टोअरमध्ये बसून जुने नटबोल्ट मापाप्रमाणे वेगळे करत होते.

"काका, ड्रिल मी मोजली. तुमची धार बरोबर होती."

"नाही," ते मान वर न करता म्हणाले. "धार बरोबर असती तं कापलं असतं. लोखंड खोटं बोलत नाही, मॅडम. माया हात गेला. कधी ना कधी जाणारच होता. मले इथंच राहू द्या आता. नट मोजतो, झाडतो."

मी काल बोलले ते वाईट होतंच. पण त्यांनी ते खरं मानलं, हे त्याहून वाईट होतं. एकतीस वर्षं लोखंडावर विश्वास ठेवलेला माणूस. लोखंडाने नाही म्हटलं, संपलं.

मी बाहेर आले. शेवंताबाई झाडत होत्या. आमच्याकडे झाडण्याची एक युक्ती आहे. जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काठीला बांधलेलं असतं. ते जमिनीवरून फिरवलं की बारीक बुरादा त्याला चिकटतो, मग उरलेला केर झाडूने. रेडियलपाशी येऊन शेवंताबाई थांबल्या. काठी पुन्हा पुन्हा फिरवू लागल्या.

"मॅडम, हे पाहा ना. हा कालचा बुरादा धरतच नाही."

"चुंबक खराब झालं असेल."

"चुंबक बरा हाय. लेथखालचा कसा उचलला त्यानं! हाच नाही उचलून राह्यला. मी काल सांजच्याले बी पाह्यलं. मले वाटलं, पितळ असन. पण पितळ तं पिवळं असते."

मी त्यांच्या हातातून काठी घेतली आणि चुंबक प्लेटवर टेकवलं. ते घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. शेजारच्या मशीनच्या टेबलाला लावलं, तर ओढून काढावं लागलं.

जमिनीवर बसकण मारून मी हसायला लागले. शेवंताबाईंना वाटलं, मला चक्कर आली. त्या पाणी आणायला निघाल्या.

सांगते. पोलादाची एक जात आहे, मँगनीज स्टील. त्यात मँगनीज बरंच जास्त घातलेलं असतं. या पोलादाचे दोन गुण. एक, याला चुंबक चिकटत नाही. दुसरा गुण म्हणजे याला जितकं ठोकाल, घासाल, तितकं ते त्या जागी कडक होत जातं. म्हणून खाणीत जिथे दगडांचा मारा असतो तिथे, क्रशरच्या जबड्याला, दगड घसरायच्या पन्हाळींना हेच लावतात. मार खाऊन निबर होणारं लोखंड. हे दोन्ही गुण मी आठ वर्षं आयटीआयच्या फळ्यावर लिहिले होते. परीक्षेत विचारले होते. न लिहिणाऱ्यांचे मार्क कापले होते.

आणि ती प्लेट तिरोडीकडच्या भंगारातून आली होती. तिरोडीला काय आहे? मँगनीजची खाण. प्लेट नक्की कुठली होती देव जाणे, पण मला एकदा तरी सुचायला हवं होतं.

आता काल काय झालं ते नीट पाहा. काकांनी खुणेवर पंच मारला. एक नाही, तीन ठोके. म्हणजे जिथे भोक पाडायचं, नेमकी तीच जागा ठोकून कडक केली. मग लहान ड्रिल घातलं. किंचाळलं, म्हणून हात हलका केला. हात हलका झाला की ड्रिल कापत नाही, घासतं. घासलं की जागा आणखी कडक. मग वर काढलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा घासलं. एखाद्या साध्या कारागिराने धसमुसळेपणाने दाबलं असतं, तर कदाचित दोन मिलिमीटर जास्त गेलं असतं. काकांचा सगळा चांगुलपणा त्या प्लेटने त्यांच्याविरुद्ध वापरला.

मी स्टोअरमध्ये धावत गेले.

"काका, हे माइल्ड स्टील नाही. मँगनीज स्टील आहे!"

काका उठून आले. चुंबक स्वतः लावून पाहिलं. चार ठिकाणी लावलं. मग मी सगळं समजावलं. ते ऐकत राहिले.

"आपल्या जमिनीतून निघते," शेवंताबाई मध्येच म्हणाल्या. "अन् आपल्यालेच वळखू येत नाही?"

मी त्यांची काठी त्यांना परत दिली.

पण काकांचा चेहरा काही उजळला नाही. "पोलाद कडक हाय, हे समजलं," ते म्हणाले. "पण मायानं होत नाही थे नाहीच ना होत. परत पाठवून द्या, मॅडम."

शहाणपणाची गोष्ट तीच होती. नन्हेभैयांना फोन करायचा, दुसरी प्लेट आणा म्हणायचं. माझी सुटका झाली असती. पण काका स्टोअरमधून परत आले नसते. शरीराने आले असते फार तर.

"परत पाठवायची नाही," मी म्हटलं. "भोकं पाडायची. तुम्ही पाडायची."

नन्हेभैयांना फोन लावला. दोन दिवस मागितले. बिचाऱ्याने एक दिवसाची घासाघीस केली आणि दोन दिले. मग नागपूरला ओळखीच्या टूल्सच्या दुकानात फोन. मला कोबाल्टचं ड्रिल हवं होतं. आपलं नेहमीचं ड्रिल हायस्पीड स्टीलचं असतं. त्यात कोबाल्ट मिसळलेलं असलं की ते जास्त उष्णता सोसतं. आणि लांब नको, आखूड हवं. लांब ड्रिल वाकतं, वाकलं की घासतं. दुकानदाराकडे बावीसचं आखूड कोबाल्ट एकच निघालं. त्याने ते बालाघाटच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं. आमच्याकडे कुरिअरपेक्षा कंडक्टरवर लोकांचा विश्वास जास्त आहे.

बस येईपर्यंत आम्ही विचार केला. म्हणजे मी नियम सांगत गेले आणि काका त्यातल्या अडचणी काढत गेले.

"पंच मारायचा नाही," मी म्हटलं.

"मग ड्रिल बसन कसं? पळन ना इकडं तिकडं."

"लहान ड्रिलही घालायचं नाही. त्याने आतल्या भिंती कडक होतात. एकदम बावीसचं."

"अजून पळन."

इथे माझं पुस्तक संपलं. काका मग उठले, भंगारातून साध्या लोखंडाचा इंचभर जाडीचा ठोकळा आणला आणि त्यात बावीसचं स्वच्छ आरपार भोक पाडलं. आमच्या साध्या ड्रिलने, अडीच मिनिटांत.

"हा ठोकळा प्लेटवर बांधायचा. ड्रिल याच्या भोकातून जाईन. मग कुठं पळते थे?"

तोपर्यंत ते मला मॅडमही म्हणत नव्हते आणि पोरीही. बोलत मात्र होते. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

काल ठोकलेल्या जागा तर कामातून गेल्याच होत्या. प्लेट कडेने थोडी मोठी होती. आम्ही ती उलटी केली, आणि आठही भोकांची आखणी तीस मिलिमीटर बाजूला सरकवली. भोकांमधलं अंतर तेच राहिलं, मोटरला त्याच्याशी मतलब.

ड्रिल तिसऱ्या दिवशी सकाळी हातात आलं. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं. फिरवलं, चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा फिरवलं.

"याची चोच अलग हाय. मधात बारीक केली हाय, पाह्य. अन् कोन बी पसरट हाय."

"हो. पसरट असतो."

"हूं."

ठोकळा बांधला. मशीनचा सगळ्यात खालचा स्पीड लावला. इतका सावकाश की ड्रिलची वेटोळी डोळ्याने मोजता येत होती. फीड, म्हणजे ड्रिल आपोआप खाली सरकायचा वेग, मात्र चांगला भरभक्कम. सावकाश फिरवायचं आणि जोराने घुसवायचं. आणि एकदा घुसलं की थांबायचं नाही, वर काढायचं नाही, दया दाखवायची नाही.

काकांनी हातोडी उचलली. सवयीने. प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग वळून बाजूच्या लाकडी बाकड्यावर तीन ठोके मारले. ठक, ठक, ठक. मशीन सुरू केली.

आवाज आला तो किंचाळी नव्हती. जाड, घोगरा, पोटातून आल्यासारखा. काकांचा हात लिव्हरवर होता. मनगट सैल पडू पाहत होतं, मला स्पष्ट दिसत होतं.

"सोडू नका," मी म्हटलं.

"नाही सोडत."

"काका, सोडू नका!"

"अवं नाही ना सोडत! काहून बोंबलून राह्यली?"

चार-पाच मिनिटांनी ड्रिल खालून बाहेर आलं. आरपार. आम्ही दोघंही वाकून त्या भोकातून खालची फरशी पाहू लागलो, जशी काही तिथे कधी फरशी नव्हतीच.

दुसरं. तिसरं. चौथं. पाचवं. लेथवरची माणसं काम सोडून येऊन उभी राहिली होती. मी त्यांना हाकललं नाही.

सहाव्या भोकात, साधारण अर्ध्यावर, लाईट गेली.

बालाघाटात लाईट जाणं ही बातमी नाही. पण ड्रिल अर्ध्या भोकात असताना, मशीन थांबता थांबता शेवटचे दोन फेरे नुसते घासत फिरली. मी ज्या एका गोष्टीला भीत होते, तीच झाली. काकांनी हाताने ड्रिल वर काढलं आणि दारातल्या उजेडात नेलं. दोन्ही धारांचे बाहेरचे कोपरे गेले होते. लहानसे, पण गेले होते. तसंच लावलं तर घासणार. घासलं की भोक कायमचं बंद. दुसरं ड्रिल नागपूरलाही नव्हतं.

लाईट तासाभराने आली. मी ड्रिल घासायच्या यंत्राचं खोकं उघडलं. आतल्या कागदावर बघितलं. त्याचा कोन ठरलेला होता, साध्या ड्रिलचा. या पसरट चोचीचा त्यात बसत नव्हता.

मी खोकं बंद केलं. ड्रिल उचललं आणि काकांसमोर धरलं.

"घासा," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला नाही. "एकच हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"बिघडलं तं?"

"तर बिघडलं."

काकांनी ड्रिल घेतलं. ग्राइंडरपाशी गेले. गॉगल लावला. "याले पाण्यात बुडवू का थंड करायले?"

"नाही. कोबाल्ट तडकतं. हवेतच थंड होऊ द्या."

"मग टाइम लागन."

"लागू दे."

त्यांनी जरासा स्पर्श केला, ड्रिल उचललं, फुंकर घातली, थांबले. पुन्हा स्पर्श. थेंबाथेंबाने म्हणतात तसं. प्रत्येक वेळी दाराकडे वळून उजेडात पाहायचे. मधला भाग चाकाच्या कडेवर बारीक केला, सकाळी पाहिला होता तसाच. पाऊण तास लागला असेल. शेवटी त्यांनी ड्रिल माझ्याकडे दिलं, आणि त्यांची नजर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरकडे गेली. गेज त्यात असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

खरं सांगते, माझा हात शिवशिवत होता. आठ वर्षं पोरांना सांगितलं आहे, मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. पण मी ड्रॉवर उघडला नाही. ड्रिल तसंच परत दिलं.

"लावा."

ड्रिल जर दोन्ही धारांनी सारखं कापत असेल, तर भोकातून बुरादा दोन बाजूंनी वर येतो, दोन सारखे धागे. एक धार जरी कमी-जास्त असली तर एकच धागा येतो, आणि तोही तुटका. याहून चांगलं गेज जगात नाही. ड्रिल त्या अर्ध्या भोकात उतरलं. टेकायच्या आतच काकांनी फीड दिली होती. नुसतं टेकवून ठेवायचं नाही, पहिल्याच फेऱ्यात घास घ्यायचा, हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पाच भोकांत शिकून घेतलं होतं. एकदा कर्र झालं. मग तो घोगरा आवाज परत आला, आणि पांढऱ्या कूलंटमधून दोन वळसेदार धागे वर चढले. सारख्या जाडीचे. शेजारी शेजारी.

शेवंताबाईंनी काठी पुढे करून चुंबक त्यांना लावून पाहिलं. "नाहीच चिकटत," त्या समाधानाने म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. मी कूलंट उडालं म्हणून पुसले.

आठवं भोक संपलं तेव्हा नन्हेभैया पिकअप घेऊन दारात होते. त्यांनी प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं. "वाह. आखिर दिक्कत क्या थी?"

परवा मी जे बोलले ते त्यांच्यासमोर बोलले होते. तेव्हा परत घ्यायचं तेही त्यांच्यासमोरच.

"दिक्कत मी होते," मी म्हटलं. "प्लेट काय आहे ते मी तपासलं नाही आणि काकांना दोष दिला. काकांची धार परवाही बरोबर होती, आजही बरोबर आहे. ही भोकं त्यांनी पाडली. सहाव्यापासूनची तर त्यांनी स्वतः हाताने घासलेल्या ड्रिलने."

नन्हेभैयांनी काकांना हात जोडले. काका बोल्टसारखे ताठ उभे राहिले, कौतुक झालं की ते तसेच होतात. प्लेट गाडीत चढली. नन्हेभैया गेले. लेथ पुन्हा सुरू झाले.

काकांनी डबा खुंटीवरून काढला. बसची वेळ झाली होती. दारात थांबले.

"थे खोक्यातलं यंत्र," ते म्हणाले. "वापस करून टाक, पोरी. जागा अडवून राह्यलं फुकट."

यंत्र परत केलं. तेव्हापासून आमच्या दारात, घोड्याची नाल लावतात त्या जागी, स्पीकरचं एक चुंबक टांगलेलं आहे. आत येणाऱ्या प्रत्येक प्लेटला आधी ते लावून पाहतो. हा मान शेवंताबाईंचा, त्या कोणाला हात लावू देत नाहीत. काका साध्या लोखंडावर अजूनही तीन ठोके मारतात. ज्या प्लेटला चुंबक चिकटत नाही, तिच्या वाट्याचे ठोके बाकड्यावर. बाकड्याला आता खळगा पडला आहे.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की काम अडलं तर संशय आधी लोखंडावर घ्यावा. मागाहून चूक आपली निघाली तरी लोखंड मनाला लावून घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला मॅडम म्हणत नाही.